विकत, जुना की भाड्याने? व्हिडिओ गेमच्या मालकीची शंभर वर्षांची गोष्ट



दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होता होता अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सेलच्या जाहिराती सुरू होतात आणि आपल्या घराघरांतली मुले आपापल्या याद्या पुढे करतात. यादीत एखादा तरी व्हिडिओ गेम असतोच. मग चर्चा होते. आई म्हणते, "सत्तर डॉलर? दोन आठवड्यांत कंटाळशील." बाबा म्हणतात, "जुना मिळतो का बघ." आजोबा म्हणतात, "माझ्याकडून दिवाळीची भेट समजा आणि नवाच घ्या." आणि मुलगी सगळ्यांकडे दयेने पाहत सांगते की आता असे कुणी विकत घेत नाही, महिन्याची वर्गणी भरली की झाले.

या चौघांपैकी बरोबर कोण, हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. मी आयुष्यभर इतिहास शिकवला आहे आणि गेम खेळण्यात मला फारशी गती नाही. पण या चर्चेमागे एक इतिहास आहे आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. नवा घेणे, जुना घेणे आणि भाड्याने आणणे हे तीन रस्ते आपल्याला निसर्गनियमासारखे वाटतात. तसे ते नाहीत. ते कुणीतरी भांडून उघडे ठेवले आहेत, आणि गेल्या वीस वर्षांत ते हळूहळू अरुंद होत चालले आहेत. हे आपल्या नकळत होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मराठी माणसाला हा प्रश्न खरे तर नवा नाही. दिवाळी अंकांचेच पाहा. का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून आपण अंक तीन प्रकारे वाचत आलो आहोत. कुणी नवा कोरा विकत घेतो. कुणी सर्क्युलेटिंग लायब्ररीत एकरकमी पैसे भरून दोन-तीन महिन्यांत मिळतील तितके अंक वाचून काढतो. आणि कुणी धीर धरून बसतो, कारण वर्षभराने तोच अंक पदपथावर किंवा रद्दीच्या दुकानात पाव किमतीत मिळतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांचे असेच चालायचे. आपण पास झालो की पुस्तके पुढच्या वर्गातल्या मुलाकडे जायची. यात आपण काही विशेष करतो आहोत असे कुणाला वाटले नाही. पुस्तक माझे, मी ते विकेन, देईन किंवा उसने देईन. यात प्रकाशकाला विचारायचे काय?

अमेरिकेत मात्र हाच प्रश्न एका प्रकाशकाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता.

एक डॉलरची कादंबरी

इंडियानापोलिसच्या बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने १९०४ साली हॅली एर्मिनी राइव्ह्ज या लेखिकेची 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली. पुस्तकात कॉपीराइटच्या ओळीखाली एक सूचना छापली होती. पुस्तकाची किरकोळ किंमत एक डॉलर असून, कुणी ते त्याहून स्वस्त विकले तर तो कॉपीराइटचा भंग मानला जाईल, असा तिचा आशय होता. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती सूचना वाचली आणि पुस्तक ८९ सेंटला विकायला ठेवले. प्रकाशकाने दुकानाचे मालक आयसिडॉर आणि नेथन स्ट्रॉस या भावांवर खटला भरला. (यातले आयसिडॉर स्ट्रॉस पुढे १९१२ साली पत्नीसह 'टायटॅनिक'वर बुडाले, ते हेच.)

१ जून १९०८ रोजी न्यायालयाने निकाल दिला. प्रत छापण्याचा आणि पहिल्यांदा विकण्याचा हक्क प्रकाशकाचा, पण एकदा ती प्रत विकली की तिच्या पुढच्या प्रवासावर त्याचा ताबा राहत नाही. पुढच्याच वर्षी, म्हणजे 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला त्याच १९०९ साली, हे तत्त्व अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात आले. १९७६ च्या कायद्यातही ते कायम राहिले. वकील मंडळी याला 'पहिल्या विक्रीचे तत्त्व' म्हणतात.

दोन गोष्टींतला फरक इथेच लक्षात ठेवा, कारण पुढची सारी गोष्ट त्याच फरकावर उभी आहे. कादंबरीतला मजकूर लेखिकेचा किंवा प्रकाशकाचा, पण माझ्या हातातली प्रत माझी. मजकुराच्या नव्या प्रती काढण्याचा हक्क मला नाही. पण हातातली एक प्रत विकण्याचा, भाड्याने देण्याचा किंवा मावशीला देऊन टाकण्याचा हक्क मला आहे. जुन्या पुस्तकांची दुकाने, वाचनालये, गॅरेज सेलमधले खोके, विद्यापीठाच्या दुकानातली वापरलेली पाठ्यपुस्तके, या सगळ्याचा पाया हा आहे. विद्यार्थी म्हणून या देशात आलेल्या आपल्या कितीतरी जणांनी या तत्त्वाचा लाभ घेतला, तत्त्वाचे नाव न ऐकताच.

खेळ हातात आला

व्हिडिओ गेमला हे तत्त्व लागू होण्यासाठी गेमची आधी 'प्रत' व्हायला हवी होती. सुरुवातीला तसे नव्हते. १९७५ साली घरगुती 'पाँग' आला, तेव्हा खेळ यंत्राच्या आतच होता. यंत्र घ्या, त्यातला खेळ खेळा, कंटाळा आला तर दुसरे यंत्र घ्या. नोव्हेंबर १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीचे 'चॅनेल एफ' हे यंत्र आले. जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या देखरेखीखाली ते तयार झाले होते. त्यात खेळ एका वेगळ्या कार्ट्रिजमध्ये असे. कार्ट्रिज काढा, दुसरे घाला, खेळ बदलला. पुढच्या वर्षी अटारीने हीच कल्पना घरोघरी नेली.

तांत्रिकदृष्ट्या ही सोय होती. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी खेळ पुस्तकासारखा झाला. तो फडताळात ठेवता येऊ लागला, शेजारच्या मुलाला देता येऊ लागला, वाढदिवसाला कागदात गुंडाळता येऊ लागला. आणि अर्थातच, विकता व भाड्याने देता येऊ लागला.

लवकरच बाजारात उतू जाईल इतके खेळ आले. बरेचसे घाईघाईने केलेले आणि टाकाऊ होते. बाहेरच्या खोक्यावर रंगीत चित्र आणि आत निराशा, असा अनुभव घेऊन गिऱ्हाईक विटले. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतला हा धंदा कोसळला. दुकानदार गेम मातीमोल भावाने काढू लागले. अटारीने न खपलेली कार्ट्रिजेस न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरली. ही अनेक वर्षे दंतकथाच समजली जात होती, पण २०१४ साली खोदकाम झाले आणि कार्ट्रिजेस खरोखरच बाहेर निघाली.

त्या पडझडीतून पालकांनी एक धडा घेतला. आधी बघायचे, मग पैसे टाकायचे. भाड्याच्या धंद्याला जमीन तयार झाली ती अशी.

शुक्रवारची संध्याकाळ

निंटेंडोचे यंत्र १९८५ साली अमेरिकेत आले. त्याच वर्षी डॅलसमध्ये ब्लॉकबस्टर या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानाची पहिली शाखा उघडली. तुमच्यापैकी जे १९८० च्या दशकात महाराष्ट्रात होते, त्यांना व्हीसीआर भाड्याने आणण्याचे दिवस आठवत असतील. वर्गणी काढून एका रात्रीसाठी यंत्र आणि तीन कॅसेटी आणायच्या आणि पहाटेपर्यंत सगळ्या संपवायच्या. इथे अमेरिकेत तीच मौज शुक्रवारच्या संध्याकाळी होत होती, आणि चित्रपटांच्या शेजारच्या फळीवर आता गेमही दिसू लागले. चाळीस-पन्नास डॉलरचा गेम काही डॉलरांत शनिवार-रविवारसाठी घरी येऊ लागला. आपल्या दुसऱ्या पिढीतल्या अनेकांचे बालपण त्या फळीसमोर गेले आहे. इतर गिऱ्हाईकांनी आपल्या आधी नेला नसेल ना, ही धाकधूक त्यांना अजून आठवत असेल.

निंटेंडोला हे मुळीच पसंत नव्हते. दुकान एक कार्ट्रिज विकत घेते आणि ते शंभर घरांत फिरते, पण कंपनीला पैसे मात्र एकाच विक्रीचे मिळतात. कंपनीची तक्रार अगदीच निराधार होती असेही नाही. अमेरिकी काँग्रेसने १९८४ साली गाण्यांच्या तबकड्या भाड्याने देण्यावर बंदी घातली होती, कारण लोक भाड्याने तबकडी आणत आणि घरी कॅसेटवर उतरवून घेत. चित्रपट कंपन्यांनी तसाच कायदा मागितला, पण त्यांना तो मिळाला नाही. मग संगणकाच्या सॉफ्टवेअरचा प्रश्न आला. १९९० च्या कायद्याने सॉफ्टवेअर भाड्याने देण्यास मनाई केली. पण त्याच कायद्यात एक अपवाद ठेवला. केवळ व्हिडिओ गेम खेळण्यासाठी बनवलेल्या यंत्रावर चालणाऱ्या गेमला ही मनाई लागू नाही. कारण सरळ होते. फ्लॉपीची नक्कल कुणीही घरबसल्या करू शकत होता, कार्ट्रिजची करणे सोपे नव्हते.

त्या एका अपवादामुळे अमेरिकेत संगणकावरचा गेम भाड्याने मिळेनासा झाला आणि तोच गेम निंटेंडोच्या कार्ट्रिजवर असला तर मिळत राहिला. १९८९ साली निंटेंडोने ब्लॉकबस्टरवर खटला भरला होता, तोही भाड्याबद्दल नव्हता. गेमबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेच्या झेरॉक्स प्रती दुकान गिऱ्हाइकांना देते, ही त्यातली तक्रार होती. कार्ट्रिज एक होते, पुस्तिकेच्या मात्र नव्या प्रती निघत होत्या. १९०८ चा तो फरक पुन्हा इथे दिसतो. प्रकरण पुढे न्यायालयाबाहेर मिटले आणि ब्लॉकबस्टरने झेरॉक्स बंद केले.

निंटेंडोच्या मायदेशी चित्र अगदी वेगळे होते. जपानने १९८४ साली कायदा बदलून भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याच्या हाती ठेवला. गेम कंपन्यांनी परवानगी दिली नाही, त्यामुळे जपानमध्ये गेम भाड्याने देण्याची दुकाने उभी राहिली नाहीत. त्याउलट जुने गेम विकण्याचा धंदा मात्र तिथे जोरात चालला. कंपन्यांनी तोही बंद पाडायचा प्रयत्न केला, पण एप्रिल २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुन्या गेमची विक्री कायदेशीर ठरवली. म्हणजे एका देशात दोन्ही रस्ते उघडे आणि दुसऱ्या देशात एक बंद, एक उघडा. तीन रस्ते निसर्गनियम नाहीत असे मी म्हणालो, ते यासाठी.

भाड्याचा खेळाच्या स्वरूपावरही परिणाम झाला. १९९४ चा 'द लायन किंग' हा गेम ज्यांनी खेळला आहे, त्यांना त्याचा दुसराच टप्पा किती छळत असे ते आठवेल. तो तयार करणाऱ्या वेस्टवुड स्टुडिओजच्या लुई कॅसल यांनी पुढे मुलाखतींत सांगितले की भाड्याच्या दोन-तीन दिवसांत मुलांनी गेम संपवू नये, म्हणून तो मुद्दाम अवघड करायला लावला होता. तेव्हा तुमच्यापैकी कुणी लहानपणी तो गेम अर्धवट सोडून रडले असेल, तर दोष तुमच्या बोटांचा नव्हता.

जुन्याचा बाजार

जुन्या गेमचा पद्धतशीर बाजार अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. मिनेसोटात १९८८ साली स्थापन झालेल्या फंको या कंपनीने जुनी कार्ट्रिजेस विकत घ्यायची, पुसून-तपासून पुन्हा विकायची, हा धंदा नावारूपाला आणला. तिची फंकोलँड नावाची दुकाने झाली. २००० साली बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीने फंको विकत घेतली आणि त्यातून गेमस्टॉप हे नाव पुढे आले. पुस्तकांचा दुकानदार जुन्या गेमच्या धंद्यात शिरला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. माल वेगळा, पण तत्त्व तेच.

या धंद्यातले गणित मुलांना जरूर समजावून सांगा, कारण अर्थशास्त्राचा याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही. २०१० च्या आसपास गेमस्टॉपला नव्या गेमच्या शंभर डॉलरच्या विक्रीमागे साधारण वीसेक डॉलर सुटत आणि जुन्याच्या शंभरामागे चाळीस ते पन्नासच्या दरम्यान. म्हणून काउंटरवरची मुले नवा गेम मागणाऱ्यालाही "पाच डॉलर कमी, जुना घेता का?" असे विचारत. त्या जुन्या गेमच्या विक्रीतला एक सेंटही गेम बनवणाऱ्याला मिळत नसे. कंपन्यांचा राग इथे होता, आणि ज्यांची मुले आज गेमच्या स्टुडिओत प्रोग्रामर म्हणून नोकरी करतात, त्या घरांना तो समजेलही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. ज्या वस्तूला पुढे गिऱ्हाईक मिळणार असते, तिच्यासाठी माणूस आज जास्त पैसे मोजायला तयार होतो. आपण मोटार घेताना हाच विचार करतो. समजा, नवा गेम ७० डॉलरला घेतला आणि महिन्याने ३५ ला विकला, तर खर्च झाला ३५. तोच गेम काही महिन्यांनी जुना ४५ ला घेतला आणि वर्षाने २० ला विकला, तर खर्च २५. आणि सेलमध्ये ४० ला डाउनलोड केला, तर तो विकता येत नाही, म्हणून खर्च पुरता ४०. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण रीत लक्षात घ्या. छापील किमतीतून परत मिळणारी रक्कम वजा केल्याशिवाय कुठला गेम स्वस्त आणि कुठला महाग, ते कळत नाही.

कंपन्यांनी मग वेगळी वाट शोधली. २०१० साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने आपल्या क्रीडाप्रकारातल्या गेमबरोबर 'ऑनलाइन पास' द्यायला सुरुवात केली. नव्या खोक्यात एकदाच वापरता येणारा संकेतांक असे. जुना गेम घेणाऱ्याला इंटरनेटवर इतरांशी खेळायचे तर दहा डॉलर वेगळे भरावे लागत. गिऱ्हाइकांच्या नाराजीनंतर २०१३ साली कंपनीने तो प्रकार बंद केला.

२०१३ चे वर्ष

हे २०१३ साल आपल्या गोष्टीत फार महत्त्वाचे आहे. मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सुपाप कीर्तसेंग या थाई विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. कॉर्नेलमध्ये शिकायला आलेला हा मुलगा थायलंडमधून स्वस्त आवृत्तीची पाठ्यपुस्तके मागवून इथे विकत होता. प्रकाशकाने खटला भरला आणि खालच्या न्यायालयात त्याला सहा लाख डॉलरचा दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की परदेशात रीतसर छापलेल्या प्रतीलाही पहिल्या विक्रीचे तत्त्व लागू आहे. भारतातल्या स्वस्त आवृत्त्या बॅगेत भरून या देशात उतरलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना या निकालाचे मोल सांगायला नको.

त्याच वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन' या नव्या यंत्राची घोषणा केली. जूनच्या सुरुवातीला त्याचे नियम जाहीर झाले. यंत्राने दर २४ तासांनी इंटरनेटवरून हजेरी लावायची. गेमची डिस्क विकत घेतली तरी ती पुढे विकता येईल की नाही, हे प्रकाशक ठरवणार. मित्राला द्यायची तर एकदाच, आणि तो महिनाभर तुमच्या यादीत असला पाहिजे. भाड्याने देणे सुरुवातीला नाहीच. १९०४ साली कादंबरीत छापलेली सूचना जणू यंत्राच्या पोटात घालून परत आली होती.

लोक खवळले. सोनीने आठवड्याच्या आत आपल्या यंत्रावर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा, याची एक छोटी चित्रफीत काढली. तीत एक माणूस डिस्क दुसऱ्याच्या हातात देतो आणि दुसरा आभार मानतो. बस्स, एवढेच. १९ जून रोजी मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले. गिऱ्हाइकांनी आपला शंभर वर्षांपूर्वीचा हक्क दोन आठवड्यांत राखला, असे मी वर्गात सांगत असे.

'विकत घ्या' या बटणामागे

पण समोरच्या दारावर लढाई जिंकत असताना मागचे दार उघडे राहिले होते. २००३ साली व्हॉल्व्ह कंपनीची 'स्टीम' ही सेवा सुरू झाली आणि संगणकाचे गेम डाउनलोडने मिळू लागले. पुढे सगळ्याच यंत्रांवर तसे झाले. डाउनलोड सोयीचे आहे, यात शंका नाही. डिस्क हरवत नाही, तिला ओरखडे पडत नाहीत, सेलमध्ये गेम फार स्वस्त मिळतात. स्टीमवर तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मिळतात.

मात्र यात हातात प्रत येत नाही, परवाना येतो. डाउनलोड केलेली फाइल दुसऱ्याला द्यायची म्हणजे तिची नवी नक्कल काढायची, आणि तो हक्क आपल्याला कधीच नव्हता. रीडिजी नावाच्या कंपनीने डाउनलोड केलेली जुनी गाणी विकायचा बाजार काढला होता, त्याविरुद्ध २०१८ साली अपील न्यायालयाने याच कारणाने निकाल दिला. म्हणजे १९०८ चे तत्त्व कुणी रद्द केले नाही. ते ज्या वस्तूवर उभे होते ती वस्तूच काढून घेतली गेली.

याचा परिणाम भाड्याच्या आणि जुन्याच्या बाजारावर झाला. ब्लॉकबस्टरचे दिवाळे २०१० साली निघाले. आज ओरेगॉनमधल्या बेंड गावात त्या नावाचे एक दुकान तेवढे उरले आहे. रेडबॉक्सच्या लाल पेट्यांमधून गेम भाड्याने मिळत, ते २०१९ अखेर बंद झाले. भाड्याची जागा वर्गणीने घेतली. मायक्रोसॉफ्टचा 'गेम पास' २०१७ साली महिना दहा डॉलरला सुरू झाला, आणि पुढे त्याचे दर वाढत गेले. सर्क्युलेटिंग लायब्ररीसारखीच ही योजना आहे. फरक एवढाच की गावात एकच लायब्ररी असेल आणि पदपथावरची जुनी पुस्तके नाहीशी झाली असतील, तर वर्गणी किती वाढवायची हे एकटा लायब्ररीवाला ठरवतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचा असला तरी त्याला सर्व्हर लागत असे, त्यामुळे ज्यांनी पूर्ण किंमत मोजून डिस्क घेतली होती, त्यांच्या हातात नुसती चकती उरली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी एक कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूपुढे 'विकत घ्या' असे लिहायचे असेल, तर तुम्हाला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगावे लागते. रोग बरा झाला असे नाही, पण औषधाच्या बाटलीवर निदान खरे नाव आले.

आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला सर्वांत जास्त खुपते ते हे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. ते ज्यांना पाहायचे आहेत, त्यांना जुनी कार्ट्रिजेस आणि संग्राहक यांचाच आधार आहे. जुन्या मराठी मासिकांचे अंक ज्यांनी शोधले आहेत, त्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल. प्रकाशक बंद पडतो, गोदाम रिकामे होते, आणि अंक उरतो तो कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत. तिथे तो उरला, कारण तो विकत घेतलेला होता आणि कुणी तो दूरवरून बंद करू शकत नव्हते.

मग काय करावे?

आता तुमच्या घरातल्या चर्चेकडे येऊ. चौघांनाही माझे सांगणे आहे.

यंत्र घेतानाच पुढचा विचार करा. २०२० साली प्लेस्टेशन ५ आले, तेव्हा डिस्कची खाच नसलेले यंत्र शंभर डॉलरने स्वस्त होते. पण त्या शंभर डॉलरांच्या बदल्यात जुन्या गेमचा, उसन्या गेमचा आणि भाड्याच्या गेमचा रस्ता बंद होतो. दोन-तीन जुने गेम घेतलेत, तर ते शंभर डॉलर वसूल होतात.

खोक्यावरची बारीक अक्षरे वाचा. २०२५ साली आलेल्या स्विच २ च्या काही गेमच्या खोक्यात 'गेम-की कार्ड' असते. त्या कार्डात गेम नसतो, फक्त डाउनलोड करण्याची किल्ली असते. कार्ड दुसऱ्याला विकता येते, पण उद्या डाउनलोडच बंद झाले तर किल्ली कुठल्या कुलपाला लावणार? खोक्याच्या दर्शनी भागावर तशी सूचना असते, ती बघा.

एकदाच खेळून संपणारा, गोष्टीसारखा गेम असेल, तर आधी आपल्या काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करा. अमेरिकेतली पुष्कळ ग्रंथालये गेम उसने देतात, तेही फुकट. पुण्यात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या लोकांचे आपण वंशज आहोत. ग्रंथालयाचे कार्ड मुलांच्या नावाने काढायला आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

मुलगा किंवा मुलगी रोज खेळेल, चुलत-मावस भावंडांबरोबर वर्षानुवर्षे खेळेल, असा गेम असेल तर तो डिस्कवर किंवा कार्ट्रिजवर विकत घ्या. नवा घ्यायचा तर घ्या, त्यात बनवणाऱ्यांनाही त्यांचा वाटा मिळतो. सहा महिने थांबण्याची तयारी असेल तर जुना घ्या. जुन्या कार्ट्रिजमध्ये खेळ साठवण्यासाठी छोटी बॅटरी असे, ती संपलेली असू शकते, एवढे तपासून घ्या.

वर्गणी भरायची तर ती भाडे म्हणून भरा, खरेदी म्हणून नव्हे. वर्षाची बेरीज करून बघा आणि मुलांनाच करायला लावा. आणि सर्व्हरशिवाय चालत नाही असा गेम घेताना, ते चित्रपटाचे तिकीट आहे असे समजून पैसे द्या. तिकिटालाही किंमत असते. पण तिकीट म्हणजे चित्रपट नव्हे.

मुलांना एक गोष्ट आणखी सांगावीशी वाटते. तुमचे आई-बाबा किंवा आजी-आजोबा या देशात दोन बॅगा घेऊन आले, तेव्हा त्यांच्या घरातली निम्मी वस्तू गॅरेज सेलची होती. टेबल कुणाचे, दिवा कुणाचा, पुस्तके आधीच्या विद्यार्थ्याची, ज्यावर त्याने पेन्सिलीने खुणा केलेल्या. अनोळखी माणसे आपल्या जुन्या वस्तू पुढे देऊ शकत होती, म्हणून आमचे संसार उभे राहिले. वस्तू पुढे देता येणे हा गरिबाला आणि नवख्याला फार मोठा आधार असतो. हल्लीच्या वस्तूंमध्ये तो गुण टिकवायचा की नाही, हे तुमच्या पिढीला ठरवायचे आहे, आणि तुम्ही ते दर खरेदीच्या वेळी थोडे थोडे ठरवत असता.

आपल्या मंडळातल्या मुलांना एक काम सुचवतो. खेळून झालेले, खोक्यासकट असलेले गेम दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन या. पुस्तकांच्या देवाणघेवाणीच्या टेबलाशेजारी एक टेबल गेमसाठी मांडा. कुणी एक ठेवावा, दुसरा न्यावा. याला कुणाची परवानगी लागत नाही, असे न्यायालयाने १ जून १९०८ रोजीच सांगून ठेवले आहे.